नानांच्या फियाटचा रंग

पहिला दिवस : रामबाग

पुण्याहून आदल्या दुपारी सुटलेली गाडी रतलाम-उज्जैन करीत सकाळी इंदूरला पोचली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन कागद होते आणि कानात आईची ताकीद होती. कागदांपैकी एक म्हणजे १९६५ च्या सुमारास रामबागेतल्या घरासमोर काढलेला काळापांढरा फोटो. त्यात आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, आपल्या फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत आणि शेजारी दोन वेण्या घातलेली मावशी आहे. दुसरा कागद म्हणजे १९८१ साली नानांनी ती गाडी एका ठेकेदाराला विकली, त्या वेळच्या करारपत्राची प्रत. आईची ताकीद अशी होती, की गाडी सापडलीच तर आधी रंग बघ. ती पिस्त्यासारखी हिरवी होती. मावशीने मात्र आदल्याच रात्री फोन करून सांगितले होते, की गाडी क्रीम रंगाची होती आणि तुझ्या आईला लहानपणापासून काहीही आठवते.

हा वाद आमच्या घरात निदान तीस वर्षे चालू आहे. मावशी १९५३ सालची, आई १९६६ सालची. मधले मामा आता हयात नाहीत आणि असते तरी उपयोग झाला नसता, कारण त्यांना विचारले की ‘चाके चार होती, एवढे नक्की’ असे म्हणून ते ताटावरून उठत. मामी १९८३ मध्ये लग्न होऊन या घरात आल्या, म्हणजे गाडी गेल्यानंतर. फोटोत गाडी फिकी दिसते, पण काळ्यापांढऱ्या फोटोत क्रीमही फिका आणि पिस्ताही फिका. गेल्या दिवाळीत मामींनी माळा आवरला, तेव्हा हे करारपत्र सापडले. त्यावर नानांनी वकिली अक्षरात इंजिनाचा आणि चॅसीचा असे दोन्ही क्रमांक नोंदवले होते. रंगाचा मात्र उल्लेख नव्हता. तरीही एवढ्या धाग्यावर शोध घेता येईल असे मला वाटले आणि डिसेंबरात पाच दिवसांची रजा काढून मी निघाले.

गाडीविषयी थोडे सांगायला हवे. नानांची फियाट १९५९ सालची, मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. तिची फुगीर पाठ आणि पुढे आलेले नाकाड पाहून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्या नावात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता. परदेशी सुटे भाग आणून इथे नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी सरकारी धोरण बदलल्यावर गाशा गुंडाळला, जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना १९५४ मध्ये बंद केला, आणि पुढे कित्येक वर्षे मध्यमवर्गीय माणसाला अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिघींतूनच एक निवडावी लागली. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटे उघडे. नऊवारीतल्या आजीला त्यातून उतरणे सोयीचे जाई. पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार ओढून सताड उघडी, म्हणून नाना पुढे बसणाऱ्याला दरवेळी ‘कडी बघ’ म्हणत. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, तिची दारे सरळ होती. तेव्हा उलटे दार ही आमच्या शोधातली पहिली खूण.

दुसरी खूण मामींनी ट्रंकेतून काढून माझ्या हातात ठेवली. नानांनी डॅशबोर्डवर एक छोटा पंखा बसवला होता, आणि गाडी विकताना तो आठवणीने काढून घेतला होता. पात्यांवर गंज चढला आहे, पण खालची लोखंडी बैठक शाबूत आहे आणि तिला स्क्रूची तीन भोके आहेत. ‘तीन भोकं सारख्या अंतरावर नाहीत,’ मामी म्हणाल्या, ‘तेवढं बघून ठेव.’ ट्रंकेत पेट्रोलच्या खर्चाची वहीही होती. पंक्चर, हवा, ऑइल, हँडलची दुरुस्ती, सगळे पैशापैशाने लिहिलेले. ती १९७२ पर्यंतच आहे. त्यात रंगकामाचा खर्च कुठेही नाही, हे मी दोनदा तपासले.

दुसरा दिवस : सियागंज आणि छावनी

मामेभावाने सकाळी पोहे आणि जिरावण पुढे ठेवून सांगितले, की त्याने मोबाइलवर गाडीचा चार आकडी क्रमांक टाकून पाहिला होता आणि एक ट्रॅक्टर निघाला. जुन्या मालिकेतले क्रमांक असे सापडत नाहीत, हे आम्हाला नंतर कळले. १९८९ नंतर राज्याची दोन अक्षरे आणि जिल्ह्याचा आकडा अशी पद्धत आली, इंदूरला एमपी ०९ मिळाले, आणि नानांच्या गाडीची पाटी त्याच्या कितीतरी आधीची होती. म्हणून माणसांना विचारत जाणे एवढाच मार्ग उरला.

करारपत्रावरचा ठेकेदार केव्हाच वारला होता, पण सियागंजात त्याच्या मुलाचे हार्डवेअरचे दुकान निघाले. मराठीच घर, आम्ही आत शिरताच त्यांनी गादीवरची वही मिटली आणि चहा मागवला. गाडी घरी आली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ‘हिरवी होती,’ ते ताबडतोब म्हणाले, ‘बाबांना तो रंग आवडला नाही, त्यांनी वर्षाच्या आत मरून करून घेतली.’ आईचा विजय झाला असे मला वाटले, पण त्या रात्री मी मावशीला फोन केला नाही. कारण साक्षीदार एकच होता आणि तोही दहा वर्षांचा; नानांनी अशी साक्ष उलटतपासणीत दोन मिनिटांत झोपवली असती.

सात वर्षे वापरून त्यांनी गाडी छावनीतल्या एका मिस्त्रीला दिली होती. मिस्त्री अजून आहेत, वय ऐंशीच्या पुढे, गॅरेज आता नातवाच्या हाती. ते बाहेर स्टुलावर बसून होते. मी फोटो पुढे केला, तर त्यांनी तो न पाहताच विचारले, ‘तिसऱ्या गिअरला दांडा अडकायचा, तीच ना?’ मला काहीच ठाऊक नव्हते, पण मामेभाऊ म्हणाला की त्याचे वडील अगदी हेच सांगत असत. नाना कोर्टातून परतताना राजवाड्याच्या गर्दीत तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दांडा अडके आणि नाना अस्सल संस्कृत शिव्या देत.

त्यांच्यापाशी बसून मी दोन तासांत जे शिकले ते एरवी शिकले नसते. जुन्या गाड्या का मरतात आणि का जगतात, याचे उत्तर त्यांच्या मते इंजिनात नसून सुट्या भागांत असते. स्टँडर्ड कंपनीच्या हेरल्डचे भाग मिळेनासे झाले, आणि चांगल्या चालणाऱ्या हेरल्ड कोंबड्यांच्या खुराड्यात गेल्या. फियाटचे तसे झाले नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्याने गाडीचे नाव बदलले, १९७० च्या दशकात तिची पद्मिनी झाली, पुढचे-मागचे पत्रे बदलले, पण १०८९ सीसीचे इंजिन २००० सालाच्या आसपास पद्मिनी बंद होईपर्यंत तेच राहिले. त्यामुळे १९५९ ची गाडी १९८५ च्या पद्मिनीच्या पोटातले भाग घेऊन जगू शकली. नानांच्या गाडीचे इंजिनही त्यांनी १९९१ मध्ये बदलले होते, एका अपघातात चेपलेल्या पद्मिनीचे काढून. ‘इंजिन नंबर जुळवायला जाऊ नका, जुळणार नाही,’ ते हिंदीत म्हणाले, ‘चॅसी नंबर बघा. या गाडीला वेगळी चॅसी नसते, बॉडी हीच चॅसी. बॉनेट उघडा, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो बदलायचा तर गाडीच बदलावी लागते.’

रंगाचे विचारले तेव्हा ते हसले. त्यांच्याकडे ती मरूनच आली आणि मरूनच गेली. रंग हे पेंटरचे काम, मिस्त्रीचे नव्हे. १९९६ मध्ये त्यांनी ती महूच्या एका निवृत्त सुभेदारांना विकली. पत्ता नव्हता, पण घरासमोर तोफेच्या गोळ्याच्या टोपणात तुळस लावली आहे, हे त्यांच्या लक्षात होते.

तिसरा दिवस : रविवार

रविवारी सगळे बंद. दुपारी मामेभावाने माणिकबागेवरून गाडी नेली. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट म्युथेसियस याने दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधलेला तो महाल आता केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. महाराजांना मोटारींचा भारी शौक. त्यांनी अमेरिकेतून ड्युसेनबर्ग एसजे मागवली, तिची बॉडी इंग्लंडमध्ये गर्नी नटिंगकडून करून घेतली, आणि ती आजही जगातल्या मोठ्या मोटारींत मोजली जाते. तिचा भगवा-नारिंगी रंग जाणकारांना तोंडपाठ आहे. त्याच इंदुरात, त्यानंतर पाव शतकाने आलेल्या एका वकिलाच्या गाडीचा रंग त्याच्या दोन मुलींनाही सांगता येत नाही. संध्याकाळी सराफ्यात गराडू खाल्ले आणि लवकर झोपलो.

चौथा दिवस : महू

तोफगोळ्याची तुळस सापडायला तीन तास लागले, कारण महूमध्ये निवृत्त फौजी दर गल्लीत आहेत आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या दारात लष्करी भंगारातले काहीतरी शोभेला ठेवलेले असते. एका घराने तर मोठ्या उत्साहाने आम्हाला मागच्या अंगणात नेऊन ताडपत्री दूर केली. खाली फियाटच होती, पण दारे सरळ होती आणि मागे पद्मिनीची अक्षरे होती. मालकांना आमची निराशा पाहून वाईट वाटले असावे, कारण त्यांनीच पुढच्या गल्लीतले घर दाखवले.

सुभेदार २००४ मध्ये वारले. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीत महूला आले आणि इथेच घर बांधले. त्यांच्या सूनबाईंनी सांगितले, की मामंजींनी गाडी घेतली त्याच महिन्यात ती पांढरी करून घेतली, कारण मरून रंग त्यांना लग्नाच्या बँडवाल्यांसारखा वाटे. दर रविवारी ती धुऊन, पुसून, हवा तपासून, आंबेडकर जन्मभूमीपर्यंत एक फेरी होई. शेजारची मुले रांग लावून बसत, पण पुढच्या सीटवर मुलाला बसवायचे नाही हा नियम होता, त्या उलट्या दारामुळेच. मला नानांचे ‘कडी बघ’ आठवले. मामंजी गेल्यावर गाडी त्यांच्या धाकट्या भावाने मंडलेश्वरला नेली. ‘काकांकडे आहे अजून,’ त्या म्हणाल्या, ‘अमावास्येला नर्मदेवर तिच्यातूनच जातात.’

म्हणजे गाडी चालू होती. या शक्यतेचा विचार मी पुण्याहून निघताना केलाच नव्हता. मी एका सांगाड्याच्या शोधात निघाले होते. रात्री आईला फोनवर एवढेच सांगितले, की उद्या खाली निमाडात जायचे आहे.

पाचवा दिवस : मंडलेश्वर

महूहून मंडलेश्वरचा रस्ता जाम दरवाज्यापाशी माळव्याचे पठार सोडतो. अहिल्याबाईंच्या काळातली ती कमान ओलांडली की रस्ता विंध्याच्या कड्यावरून वळणे घेत खाली उतरतो, आणि तासाभरात थंडी मागे पडून अंगातला स्वेटर काढावा लागतो. खाली कापसाची शेते आणि वाळत घातलेल्या मिरच्या. मी सारा वेळ हाच विचार करीत होते, की ही गाडी २००४ साली या उतारावरून कशी नेली असेल. काकांनी नंतर सांगितले, की दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, आणि चढताना म्हणाल तर ती वर कधी नेलीच नाही.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आम्ही ओट्यावर पाऊल ठेवताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी मागायला आलात का?’ मी नाही म्हणाले, तरी त्यांचा विश्वास बसायला चहा आणि दोन कागद लागले. नानांचे अक्षर त्यांनी चष्मा लावून वाचले. मग उठून गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडचे दार सरकवले.

ती पांढरी होती, बुटकी होती, आणि फोटोतल्यापेक्षा बरीच लहान होती. बॉनेट उघडून काकांच्या नातवाने इंजिनामागच्या पत्र्यावरची काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, आणि मी एकेक आकडा वाचत गेले तसा मामेभाऊ करारपत्रावर बोट सरकवत गेला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा दोघेही काही बोललो नाही. मग मी पुढचे दार उलटे उघडून आत बसले आणि पंख्याची बैठक डॅशबोर्डवर धरली. तिथे कधीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती, पण डावीकडचे भोक किंचित खाली, तसेच. ‘तीन भोकं कशाची म्हणून मी एकोणीस वर्षं विचार करतोय,’ काका म्हणाले. बाविसाव्या वर्षी नानांनी गाडी विकली. त्यांच्या खालोखाल ती सर्वांत जास्त या शेडमध्येच राहिली आहे, हा हिशेब मी मनात केला आणि तो काकांनीही केला असावा, कारण त्यानंतर त्यांनी तो पहिला प्रश्न पुन्हा विचारला नाही.

कागदांवरून रंग ठरणे शक्यच नव्हते. नोंदणी-पुस्तक १९९६ मध्ये दुय्यम प्रत म्हणून नव्याने काढलेले, त्यात ‘पांढरा’ एवढेच. काकांच्या नातवाला ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांखाली तिची नोंद करायची आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीला त्यात जुना क्रमांक ठेवता येतो. पण गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट असल्याने पद्मिनीच्या इंजिनाचे काय, या शंकेने काका कचरतात. रंगाचा विषय काढताच मात्र ते खुलले आणि त्यांनी गावातल्या पेंटरला बोलावून घेतले.

पेंटरने दार उघडून त्याची आतली कड निवडली, जी बंद केल्यावर दिसत नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवून, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेवर तो गोल गोल घासू लागला. मधोमध जोर अधिक, कडेला कमी. पाणी आधी दुधाळ वाहिले, मग तांबूस. दर दोन मिनिटांनी तो फडक्याने पुसून बघे आणि पुन्हा घासे. अर्ध्या तासाने त्याने ती जागा कोरडी केली आणि बाजूला झाला. पत्र्यावर एकात एक वर्तुळे उमटली होती. सर्वांत बाहेर पांढरे. त्याच्या आत मरून. मग करड्या लांबीचा जाड थर, ज्यावर बोट ठेवून पेंटर म्हणाला की इथे गाडी कुठेतरी ठोकली होती. त्याच्या आत पिस्त्यासारखे फिके हिरवे कडे. आणि त्याच्याही आत, मध्ये लांबीची रेघसुद्धा नसलेले, क्रीम. क्रीमच्या खाली तांबडे अस्तर आणि अगदी मध्यभागी उडदाच्या दाण्याएवढा उघडा, चकचकीत पत्रा.

क्रीम आणि हिरव्याच्या मध्ये लांबी नाही, याचा अर्थ पेंटरने असा सांगितला, की रंग देताना गाडी धडधाकट होती. कोणी हौसेने दिला असणार. म्हणजे नानांनीच. आणि केव्हा, तेही आता सरळ दिसत होते. मावशी १९७३ मध्ये लग्न होऊन इंग्लंडला गेली ती १९८२ मध्ये परतली, तोवर गाडी विकली गेली होती. तिने हिरवी गाडी पाहिलीच नाही, आणि आईला सात वर्षांच्या आधीचे आठवत नाही. हे गणित इतकी वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, पण घरातल्या भांडणात गणित कोणी करीत नाही.

पंख्याची बैठक मी काकांना दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे नातवाकडे देऊन दोन स्क्रू शोधायला पाठवले. तिसऱ्या भोकात आता स्क्रू धरत नाही. मंडनमिश्र आणि शंकराचार्य यांचा वाद मंडलेश्वरलाच झाला असे तेथील लोक मानतात, आणि आमचा निवाडाही इथेच लागला, असे काकांनी निरोप देताना मोठ्या समाधानाने सांगितले.

घाटावर बसून मी आधी आईला फोन केला. वर्तुळांचा फोटो पाहून ती म्हणाली, ‘हिरवी आहे ना? मग झालं.’ क्रीम रंगाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. मग मावशीला फोन लावला आणि सगळे थर क्रमाने सांगितले. ती इतका वेळ गप्प राहिली की फोन कटला असे मला वाटले.

‘दर रविवारी नानांचं निळं पत्र यायचं मला,’ ती म्हणाली. ‘पावसापासून पेट्रोलच्या भावापर्यंत सगळं असायचं त्यात. गाडीला रंग दिला आणि मला कळवलंसुद्धा नाही?’ मग जरा थांबून, ‘पत्रं आहेत अजून माझ्याकडे, कपाटात वरच्या खणात. थांब, बघते,’ आणि तिने फोन ठेवला.